प्रभागाची रेघ कोण ओढतं: सरकार, आयोग की कोर्ट?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "आमची सोसायटी २०१७ ला एका प्रभागात होती. २०२२ च्या आराखड्यात दुसरीकडे गेली, २०२५ ला आणखी तिसऱ्याच भागाला जोडली गेली. कधी तीन नगरसेवक, कधी चार. हे नियम बदलायचा अधिकार नक्की कोणाचा? राज्य सरकारचा, राज्य निवडणूक आयोगाचा की कोर्टाचा? आणि आमच्यासारख्यांनी दाद मागायची कुठे?"

मी एका महापालिकेच्या निवडणूक शाखेतून निवृत्त झालो. २००२ ला तीन सदस्यांचा प्रभाग, २००७ ला एकाचा वॉर्ड, २०१२ ला दोघांचा, २०१७ ला चौघांचा. एकच शहर, तेच नाले, तेच रस्ते, आणि दर पाच वर्षांनी आम्ही ते नव्या मापानं कापत होतो. प्रत्येक वेळी मुंबईत सरकार बदललेलं असायचं, किंवा त्याच सरकारचा हिशेब बदललेला असायचा. त्यामुळे तुमचा वैताग मला परका नाही.

आधी कायदा पाहू. १९९३ मध्ये ७३ वी आणि ७४ वी घटनादुरुस्ती अमलात आली आणि पंचायती, नगरपालिका, महापालिका घटनेत आल्या. २४३-के आणि २४३-झेडए या अनुच्छेदांनी मतदार याद्या तयार करणं आणि निवडणुका घेणं यांचं अधीक्षण, संचालन आणि नियंत्रण राज्य निवडणूक आयोगाकडे दिलं. पण त्याच अनुच्छेदांत असंही म्हटलंय की या निवडणुकांसंबंधीच्या सगळ्या बाबींवर राज्याच्या विधिमंडळाला कायदा करता येईल. म्हणजे एकाच घराच्या दोन किल्ल्या दोघांना दिल्या. प्रभागाच्या हद्दी कोणी ठरवायच्या, हे घटनेनं थेट सांगितलेलं नाही. आपल्याकडे ते काम आयोगाकडे होतं, कारण महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम आणि मुंबई महानगरपालिका अधिनियम या राज्याच्या कायद्यांनी ते आयोगाला दिलं होतं. जे कायद्यानं दिलं ते कायद्यानं काढूनही घेता येतं.

हे मी बोललो की अनेक कार्यकर्ते मित्र नाराज होतात. त्यांना वाटतं, आयोगाचा प्रत्येक अधिकार घटनेनं दिलेला आणि म्हणून अबाधित आहे. तसं नाही. याद्या आणि प्रत्यक्ष निवडणूक हा आयोगाचा घटनादत्त गाभा. प्रभागांची संख्या, एका प्रभागात किती सदस्य, नगराध्यक्ष थेट लोकांतून की नगरसेवकांतून, हे सगळं विधिमंडळाच्या हातात. थेट नगराध्यक्षाचंच बघा ना: २००१ ला आला, २००६ ला गेला, २०१६ ला परत आला, २०२० ला काढला, २०२२ ला पुन्हा आणला. आयोगाला यातल्या एकाही बदलावर नकाराधिकार नव्हता.

माझं म्हणणं वेगळं आहे. अधिकार कोणाचा, यापेक्षा तो केव्हा वापरला हे बघा. निवडणूक तीन वर्षांवर असताना प्रभाग चारचा तीन केला, तर तो धोरणाचा भाग झाला. त्यावर भांडता येतं, कोर्टात जाता येतं, लोकांना समजून घेता येतं. तोच बदल मुदत संपायच्या महिन्यात केला, की निवडणूकच पुढे जाते. आणि निवडणूक पुढे ढकलायचा अधिकार घटनेनं कोणालाही दिलेला नाही. २४३-यू अनुच्छेद सांगतो की महापालिकेची मुदत पाच वर्षं, त्याहून जास्त नाही, आणि नवी निवडणूक ती मुदत संपण्यापूर्वी पूर्ण झाली पाहिजे.

याच मुद्द्यावर २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाचा निकाल आहे: किशनसिंग तोमर विरुद्ध अहमदाबाद महापालिका. अहमदाबादची मुदत २००५ मध्ये संपत होती आणि वॉर्डांच्या फेररचनेचं कारण सांगून निवडणूक लांबत होती. न्यायालयानं सांगितलं की मुदतीत निवडणूक घेणं आयोगावर बंधनकारक आहे, फेररचनेसारखी कारणं पुढे करून ते टाळता येणार नाही. पूर, भूकंप किंवा दंगलीसारखं काही घडलं तर गोष्ट वेगळी. लोकसभा-विधानसभेच्या निवडणुकीत भारत निवडणूक आयोगाचे आदेश जसे सरकार पाळतं, तसेच राज्य आयोगाचेही पाळले पाहिजेत. सरकार सहकार्य करत नसेल तर आयोगानं उच्च न्यायालयात किंवा सर्वोच्च न्यायालयात जावं. हा निकाल आमच्या शाखेत प्रत्येकाला माहीत होता. तरीही २०२२ घडलं.

२०२२ मी टेबलावर बसून पाहिलं, म्हणून ते जरा सविस्तर सांगतो.

प्रभाग रचना म्हणजे काय, हे बाहेरून कळत नाही. टेबलावर शहराचा मोठा नकाशा, त्यावर २०११ च्या जनगणनेचे प्रगणक गट. प्रगणक गट म्हणजे जनगणनेच्या वेळी एका प्रगणकानं मोजलेला घरांचा तुकडा, साधारण पाचसातशे माणसांचा. हे गट फोडायचे नाहीत, एकमेकांना जोडत जायचं. सुरुवात उत्तरेकडून करायची, मग ईशान्य, पूर्व, आणि सरकत सरकत शेवट दक्षिणेला. प्रत्येक प्रभागाची लोकसंख्या सरासरीच्या दहा टक्के वर किंवा खाली, यापलीकडे जाता कामा नये. हद्द म्हणून मोठा रस्ता, नदी, नाला, रेल्वेमार्ग घ्यायचा. कागदावर हे सोपं दिसतं. प्रत्यक्षात एक गट इकडचा तिकडे केला की पुढचे सहा प्रभाग हलतात. पूर्वेच्या टोकाला चारशे माणसं जास्त झाली की ती पश्चिमेपर्यंत ढकलत न्यावी लागतात. रात्री अकरा-अकरा वाजेपर्यंत आम्ही बेरजा जुळवत असू. आराखडा प्रसिद्ध होईपर्यंत तो गोपनीय. खोलीला कुलूप, किल्ली एकाकडे.

तीन सदस्यांच्या पद्धतीनं आम्ही आराखडा केला. फेब्रुवारी २०२२ च्या पहिल्या तारखेला तो प्रसिद्ध झाला, हरकती आल्या, सुनावण्या झाल्या. मार्चच्या ७ तारखेला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत विधेयकं एकमतानं मंजूर झाली. प्रभाग रचनेचं काम आयोगाकडून राज्य सरकारकडे आलं आणि तोवर झालेली रचना रद्द. ११ मार्चला ते कायदे अमलात आले. ज्या दिवशी विधेयकं मंजूर झाली त्याच दिवशी मुंबई महापालिकेची मुदत संपत होती. हा योगायोग विसरू नका. सत्ताधारी आणि विरोधक, दोन्ही बाकांवरून त्या दिवशी होकार होता.

सर्वोच्च न्यायालयानं ४ मे २०२२ ला आयोगाला सांगितलं की ११ मार्चपूर्वी जी रचना होती ती धरून पुढे जा आणि दोन आठवड्यांत कार्यक्रम जाहीर करा. त्या वेळी राज्यात जवळपास २,४८६ स्थानिक संस्थांच्या निवडणुका थकल्या होत्या. आम्ही कपाटातून जुने नकाशे काढले. मे अखेरीस आरक्षण सोडत झाली. सोडतीला शाळेतली मुलं बोलावतात. आमच्याकडे एका मुलीनं गणवेशाच्या बाह्या कोपराच्या वर केल्या, दोन्ही तळवे सगळ्यांना दाखवले आणि पारदर्शक भांड्यातून एकेक चिठ्ठी काढली. प्रत्येक चिठ्ठीला सभागृहात श्वास रोखले जात होते. ही सोडत ओबीसी आरक्षणाशिवाय होती. जुलैमध्ये न्यायालयानं बांठिया आयोगाचा, म्हणजे ओबीसींच्या मागासलेपणाची चौकशी करायला नेमलेल्या आयोगाचा, अहवाल स्वीकारला आणि त्याच महिन्याअखेर ओबीसींसह पुन्हा सोडत काढली. पुन्हा भांडं, पुन्हा चिठ्ठ्या. त्यानंतर आठवडाभरातच, नव्या सरकारनं ४ ऑगस्टला अध्यादेश काढला: सदस्यसंख्या पूर्वीसारखी. मुंबईत आधीच्या सरकारनं २२७ चे २३६ केले होते, ते पुन्हा २२७. तीन सदस्यांचा आराखडा संपला. त्या मुलीनं काढलेल्या चिठ्ठ्या पाकिटात सीलबंद होत्या, त्यांचा उपयोग उरला नाही. २२ ऑगस्टला न्यायालयानं 'जैसे थे' आदेश दिला आणि सगळं थांबलं.

थांबलं म्हणजे किती? मुंबई, पुणे, ठाणे, नागपूर, नाशिक मार्च २०२२ पासून. छत्रपती संभाजीनगर, नवी मुंबई, वसई-विरार त्याच्याही आधी, २०२० पासून. आयुक्तच प्रशासक. अंदाजपत्रक मांडणारा तोच, स्थायी समिती म्हणून मंजूर करणाराही तोच, आणि सर्वसाधारण सभा म्हणून कायम करणाराही तोच. यात अनेक अधिकारी प्रामाणिक आणि मेहनती होते, मी त्यांच्याबरोबर काम केलंय. पण गल्लीत ड्रेनेज तुंबलं तर ज्याच्या दाराशी जाऊन ओरडता येईल असा माणूस नव्हता. जवळपास चार वर्षं, काही शहरांत पाचहून जास्त.

या सगळ्यात ओबीसी आरक्षणाचा धागा वेगळा ओळखायला हवा, कारण लोक तो प्रभाग रचनेच्या वादात मिसळतात. २०१० मध्ये के. कृष्णमूर्ती प्रकरणात घटनापीठानं तीन अटी घातल्या: समर्पित आयोगाकडून मागासलेपणाची ताजी, आकडेवारीनिशी चौकशी, त्यावरून प्रत्येक स्थानिक संस्थेपुरतं प्रमाण, आणि एकूण आरक्षण पन्नास टक्क्यांच्या आत. आपल्या जिल्हा परिषद कायद्यातली सरसकट २७ टक्क्यांची तरतूद या कसोटीला उतरली नाही, असं विकास गवळी प्रकरणात ४ मार्च २०२१ ला ठरलं. हा निकाल दिला तेव्हा मूळ अट अकरा वर्षं जुनी होती. त्या अकरा वर्षांत कोणत्याही सरकारनं ती चौकशी पूर्ण केली नाही. सप्टेंबर २०२१ चा अध्यादेश चौकशीशिवायच निघाला, डिसेंबरमध्ये न्यायालयानं त्याला स्थगिती दिली. इथं अधिकार विधिमंडळाचाच होता, अनुच्छेद २४३-टी आणि २४३-डी स्पष्ट आहेत. वेळेवर गृहपाठ केला नाही म्हणून तो वापरता आला नाही, आणि त्याची किंमत ज्या ओबीसी कार्यकर्त्यांनी गावोगाव तयारी केली होती त्यांनी मोजली. मला याचं आजही वाईट वाटतं.

शेवटी ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की बांठिया अहवालापूर्वी ओबीसी आरक्षणाची जी स्थिती होती ती धरा, चार आठवड्यांत अधिसूचना काढा, चार महिन्यांत निवडणुका उरकायचा प्रयत्न करा. ऑगस्टमध्ये प्रभाग रचनेचं आव्हान फेटाळताना ते काम सरकारचं असल्याचं न्यायालयानं मान्य केलं. सप्टेंबरमध्ये ३१ जानेवारी २०२६ ही शेवटची मुदत घातली. महापालिकांचं मतदान १५ जानेवारी २०२६ ला झालं. आता व्यवस्था अशी: आयुक्त आराखडा करतात, तो नगरविकास विभागामार्फत आयोगाकडे जातो, अंतिम मान्यता आयोगाची. तुमच्या प्रश्नाच्या पहिल्या भागाचं आजच्या घडीचं उत्तर हेच.

आयोगही सर्वशक्तिमान नाही, हे सांगायला हवं. डिसेंबर १९७७ च्या मोहिंदरसिंग गिल निकालात न्यायालयानं भारत निवडणूक आयोगाला मोठं बळ दिलं, पण एक मर्यादा आखून: कायदा जिथे गप्प आहे तिथे आयोगाचे अधिकार कामाला येतात, कायदा बोलतो तिथे आयोगानं तो पाळायचा. १९८२ मध्ये केरळच्या परूर मतदारसंघात आयोगानं पन्नास केंद्रांवर मतदान यंत्रं वापरली. कायद्यात तेव्हा मतपत्रिकाच होती. १९८४ मध्ये ए. सी. जोस प्रकरणात न्यायालयानं त्या केंद्रांवर फेरमतदान घ्यायला लावलं. यंत्रं चांगली की वाईट हा प्रश्नच नव्हता. नियम बदलायचा असेल तर संसदेनं बदलावा. पुढे संसदेनं तशी दुरुस्ती केली आणि मग यंत्रं कायदेशीर झाली.

नगरपरिषदांच्या निवडणुकीत २०२५ च्या नोव्हेंबरअखेरीस जे झालं, तेही याच धड्यातलं. उमेदवारी अर्जांवरची अपिलं काही ठिकाणी न्यायालयात उशिरा निकाली निघाली. निकालानंतर उमेदवाराला माघारीसाठी नियमानं ठरलेले दिवस मिळायला हवेत. ते मिळाले नाहीत म्हणून आयोगानं वीसहून अधिक ठिकाणचं मतदान २ डिसेंबरवरून २० डिसेंबरला नेलं. उमेदवारांचा प्रचाराचा खर्च झालेला, सगळ्याच पक्षांत चीड होती. तरीही माझ्या मते नियम मोडून मतदान घेणं जास्त घातक ठरलं असतं, कारण हरलेला प्रत्येक उमेदवार तेच कारण घेऊन कोर्टात गेला असता. मग उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं सगळीकडची मतमोजणी एकत्र २१ डिसेंबरला घ्यायला सांगितलं, म्हणजे एकीकडचे निकाल दुसरीकडच्या मतदारांवर पडू नयेत.

दुबार नावांचंही तसंच. राज्य आयोग स्वतःची मतदार यादी करत नाही, विधानसभेची यादी घेऊन ती प्रभागनिहाय फोडतो. नाव घालणं किंवा काढणं त्याच्या हातात नाही. म्हणून दुबार नावांपुढे दोन तारे आले आणि केंद्रावर त्या मतदाराकडून हमीपत्र घ्यायची वेळ आली. याद्या तयार करण्याचा अधिकार घटनेनं राज्य आयोगाला दिलाय, मग तो उसन्या यादीवर का विसंबतो? माझं उत्तर: कारण राज्याच्या कायद्यानं तीच यादी वापरायला सांगितलंय, आणि वेगळी यादी करायला लागणारी माणसं आयोगाकडे नाहीत. आमच्यासारखे पालिकेचे, महसूलचे कर्मचारी उसने घेऊनच त्याचं काम चालतं.

उसन्या माणसांवरून गोवा आठवतो. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये गोवा सरकारनं आपल्या कायदा सचिवांकडेच राज्य निवडणूक आयुक्तपदाचा अतिरिक्त कार्यभार दिला. फेब्रुवारी २०२१ मध्ये नगरपालिकांचं आरक्षण जाहीर झालं, त्यात मडगाव, मुरगाव, म्हापसा, केपे आणि सांगे इथे महिलांच्या जागा एक तृतीयांशापेक्षा कमी भरल्या. उच्च न्यायालयानं ते आरक्षण रद्द केलं. सर्वोच्च न्यायालयानं १२ मार्च २०२१ ला तो निकाल कायम ठेवला आणि सरकारी नोकरीत असलेल्या माणसाला आयुक्त करता येणार नाही, असं सगळ्या राज्यांना बजावलं. माझ्या मते प्रभाग रचनेच्या अधिकारापेक्षा हा निकाल मोलाचा आहे. रेघ कोणी ओढली यापेक्षा मान्यतेची सही करणारा माणूस सरकारच्या पगारावर आहे का, याला जास्त वजन आहे.

आता दाद मागण्याचं. ही खिडकी फार अरुंद असते आणि लोक ती हुकवतात. घटनेचे २४३-ओ आणि २४३-झेडजी अनुच्छेद न्यायालयांना प्रभाग आणि जागावाटपाच्या कायद्याची वैधता तपासायला मनाई करतात, आणि निवडणूक एकदा सुरू झाली की निकालानंतरच्या निवडणूक याचिकेशिवाय मार्ग राहत नाही. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एक दार किलकिलं ठेवलंय: रचना उघड मनमानी असेल तर न्यायालय पाहू शकतं. पण त्यासाठी कार्यक्रम जाहीर होण्याआधी उच्च न्यायालयात पोहोचायला हवं. निकालानंतर मुंबईत लघुवाद न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीशांकडे जायचं, दहा दिवसांच्या आत. दहा दिवस म्हणजे वकील शोधण्यातच जातात. प्रभागाची हद्द चुकली म्हणून निवडणूक रद्द झाल्याचं मी माझ्या नोकरीत पाहिलं नाही.

म्हणून खरी जागा प्रारूप आराखड्यावरच्या हरकतीची. एका सुनावणीला आमच्याकडे एकाच मजकुराच्या दोनेकशे छापील हरकती आल्या होत्या, "रचना राजकीय हेतूनं केली आहे, रद्द करावी." त्या एका ओळीत निकाली निघाल्या, कारण प्राधिकृत अधिकाऱ्याला त्यावर करण्यासारखं काही नव्हतं. त्याच दुपारी सत्तरीच्या एक आजी आल्या. वहीच्या पानावर त्यांनी नाला काढला होता, अलीकडे त्यांची चाळ, पलीकडे मतदान केंद्राची शाळा. म्हणाल्या, "साहेब, या नाल्यावर पूल नाही. शाळेत जायला मला हायवेनं वळसा घालावा लागतो. माझ्या बाजूचे सगळे दुसऱ्या प्रभागात, आम्ही तेवढे चाळीस घरं इकडे का?" अधिकाऱ्यांनी मला गट क्रमांक विचारला. मी यादी उघडली, दोन्ही प्रभागांच्या बेरजा केल्या. तो गट तिकडे दिला तरी दोन्हीकडे लोकसंख्या दहा टक्क्यांच्या आत राहत होती. शिफारस गेली, मान्य झाली.

तुम्हीही हरकत लिहाल तेव्हा प्रगणक गटाचा क्रमांक लिहा, तो प्रारूपासोबतच्या परिशिष्टात असतो. तो कोणत्या प्रभागात हवा, दोन्हीकडची लोकसंख्या बदलानंतर किती होते, कोणता रस्ता किंवा नाला आडवा येतो, हे लिहा आणि हातानं का होईना, नकाशा जोडा. सुनावणीला स्वतः जा. आजींचं वहीचं पान आम्ही हरकतीच्या फाइलला लावलं होतं. अंतिम अधिसूचनेत त्या प्रभागाच्या पश्चिम हद्दीचं वर्णन बदललं: "तेथून दक्षिणेस नाल्याच्या मध्यरेषेने रस्त्यापर्यंत."